कुंपणापलीकडचा डबा

विक्रम पोंक्षे गेली अकरा वर्षं मोटारींची दारं लावायचं आणि उघडायचं काम करत होता. म्हणजे स्वतः हाताने नव्हे. दार लावल्यावर आत जी कडी ‘खट्’ करून बसते, ती उणे तीस तापमानातही खट् करूनच बसली पाहिजे, एवढं पाहायला डेट्रॉईटजवळच्या एका कंपनीने त्याला ठेवलं होतं. अशा तज्ज्ञ माणसाला एका लाकडी कुंपणात एक साधं दार पाडून घ्यायला चार महिने लागावेत, आणि त्यापायी एक जाहीर सुनावणी, एक नारळ आणि एक खण खर्ची पडावा, हे त्याच्या बायोडेटाला शोभणारं नव्हतं. पण घडलं ते असं.

नोव्हाय गावापलीकडच्या एका टाउनशिपमध्ये, म्हणजे तिकडच्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत, तीन मजली अपार्टमेंटच्या बारा इमारती आहेत. त्यातल्या सात नंबरच्या इमारतीत, अमेरिकेच्या हिशेबाने दुसऱ्या आणि आपल्या हिशेबाने पहिल्या मजल्यावर, विक्रम, त्याची बायको सुलेखा आणि दहा वर्षांची केया अशी तिघं नऊ वर्षं भाड्याने राहत होती. ग्रीन कार्ड आलं की घर घ्यायचं, हे पक्कं ठरलेलं होतं. ग्रीन कार्डाचं मात्र काही ठरलेलं नव्हतं.

मे महिन्यात विक्रमची आई, गिरिजाबाई, फलटणहून सहा महिन्यांसाठी आली. सहा महिने हा विक्रमचा हिशेब. मागच्या खेपेला ती तिसऱ्याच आठवड्यात परत गेली होती. वडिलांना विमानाचं भय, त्यामुळे ते फलटणलाच. त्यांनी खानावळ लावली होती आणि फोनवर ते इतके खुशीत असायचे की गिरिजाबाईंना संशय यायचा. नवव्या दिवशी सकाळी चहाचा कप खाली ठेवत ती म्हणाली,

“विक्रम, माझं तिकीट अलीकडं आण.”

“अगं आई, का पण?”

“इथं माणूसच दिसत नाही रे. काल दिवसभरात तीन कुत्री आणि एक पोस्टमन. तोपण गाडीतनं खाली उतरला नाही.”

विक्रमने तिला मॉल दाखवला, मंदिर दाखवलं, एक तळं दाखवलं आणि त्या तळ्याच्या मोठ्या भावासारखं दुसरं तळं दाखवलं. पण हे सगळं शनिवार-रविवारचं. उरलेले पाच दिवस ती बाल्कनीत बसून समोरच्या सहा फुटी लाकडी कुंपणाकडे पाहत असायची. विक्रमला आई हवी होती. अकरा वर्षांत सलग दोन महिनेसुद्धा ती त्याच्या वाट्याला आली नव्हती. आता ती हाताच्या अंतरावर असताना तिच्या तोंडी ‘तिकीट’ हा शब्द आला की तो घाईने विषय बदलायचा. त्याने ट्रॅव्हल एजंटचा फोन लागत नाही अशी थाप मारली आणि दोन दिवस मिळवले.

त्या दोन दिवसांतच साडीचं प्रकरण झालं. साडी ड्रायरमध्ये घालणं म्हणजे तिला जिवंतपणी अग्नी देणं, असं गिरिजाबाईंचं मत होतं. तिने आपली हिरवी इरकल बाल्कनीच्या कठड्यावर पसरली. दुपारपर्यंत त्याचे दोन परिणाम झाले. पहिला, कॉम्प्लेक्सची मॅनेजर डेबी हिने दारावर एक गुलाबी नोटीस चिकटवली, की करारपत्राच्या अमुक कलमानुसार बाल्कनीत कपडे वाळत घालायला मनाई आहे. दुसरा, कुंपणापलीकडून हाक आली.

“ओ बाई! ती इरकल कुठून घेतली जी?”

गिरिजाबाई कठड्यावरून इतक्या वाकल्या की केया आतून ओरडली, “आजी, केअरफुल!”

कुंपणापलीकडे बंगल्यांची वसाहत होती. तिथल्या एका परसात एक बाई, अंगावर साडी, वर स्वेटर, पायांत मुलाचे बूट, मान वर करून उभ्या होत्या. त्या वर्ध्याच्या सुवर्णामावशी. त्यांचा मुलगा संग्राम याने वर्षभरापूर्वी तिथे घर घेतलं होतं, आणि त्यासुद्धा मे महिन्यातच आल्या होत्या. त्यांनीही आपल्या मुलाला तिकीट अलीकडे आणायला सांगितलं होतं. दोघींचं बोलणं सव्वा तास चाललं. बाल्कनीपासून मावशींच्या मागच्या दारापर्यंत अंतर होतं चाळीस पावलं. विक्रमने ते नंतर नकाशावर मोजलं.

संध्याकाळी मावशींनी कुंपणावरून पितळी कडीचा एक स्टीलचा डबा दिला. आत गरम सांबारवडी, म्हणजे आपली कोथिंबीर वडी. आणि इथेच विक्रमच्या शांत आयुष्याचा पाया खचला. कारण आलेलं भांडं रिकामं परत करायचं नसतं. दुसऱ्या दिवशी त्याच डब्यातून थालीपिठं आणि खर्डा गेला. आता डबा मावशींचा, पण त्याच्या पोटात गिरिजाबाईंचा ठेचा आल्यामुळे मावशींवर ऋण चढलं. तिसऱ्या दिवशी पाटोडीचा रस्सा आला. चौथ्या दिवशी पुरणपोळ्या गेल्या. हा नियम ज्याने कुणी केला, त्याने तो सुरू कसा करायचा एवढंच सांगून ठेवलंय. थांबायचं कसं याबद्दल शास्त्र मूग गिळून गप्प आहे. विक्रमची तक्रार नव्हती. दोन आठवडे घरात तिकिटाचं नाव निघालं नव्हतं.

मग एका दुपारी सुलेखा घरून काम करत असताना तिची नजर खिडकीबाहेर गेली. कुंपणाच्या अलीकडे शिडीच्या चौथ्या पायरीवर तिची सासू होती, पलीकडे दुसऱ्या शिडीवर मावशी, आणि मध्ये हवेत कढीचा डबा. दोघींच्या वयाची बेरीज एकशे एकोणचाळीस. सुलेखाने मीटिंगमध्ये स्वतःला म्यूटसुद्धा न करता किंकाळी फोडली. त्या दिवसापासून शिड्या जप्त झाल्या आणि डब्याची वाहतूक विक्रमकडे आली.

आता चाळीस पावलं म्हणजे काय मोठंसं, असं कुणालाही वाटेल. पण अपार्टमेंटचं फाटक पूर्वेला आणि वसाहतीचं पश्चिमेला. मोटारीने हे अंतर पावणेतीन मैल भरायचं. वाटेत पाच सिग्नल आणि एक ‘मिशिगन लेफ्ट’. या राज्यात मोठ्या रस्त्यावर डावीकडे वळायचं असेल तर आधी सरळ पुढे जायचं, मग उलटं फिरून यायचं आणि मग उजवीकडे वळायचं, अशी पद्धत आहे. रोज ऑफिसातून आल्यावर विक्रम डबा घेऊन निघायचा. रश्शाचा डबा शेजारच्या सीटवर ठेवला की पट्टा बांधा म्हणून गाडी कोकलायची, म्हणून डब्याला पट्टा. परतताना तोच डबा किंवा त्याचा भाऊबंद भरून शेजारी. पंधरा दिवसांत विक्रमला वाटायला लागलं, आपण इंजिनिअर नसून खानावळवाले आहोत. तेही चाललं असतं. पण एका शुक्रवारी त्याला ऑफिसात उशीर झाला, डबा ओट्यावर तसाच राहिला, आणि आई हळूच म्हणाली,

“माझ्यापायी तुला रोजचा हेलपाटा. त्यापेक्षा ते तिकीट...”

“आई, मी कुंपणाला दार करून घेतो,” विक्रम म्हणाला. तोंडातून शब्द गेला आणि त्याला स्वतःलाच फार हुशार वाटलं. दार! दारातच तर आपली हयात गेली.

पहिला सल्ला वरच्या मजल्यावरच्या राजेशने दिला. राजेश नागपूरचा, सल्ल्याच्या बाबतीत उदार. “यार, दोन फळ्या सैल करून टाक ना. कोणाले कळते?”

“अरे, मी व्हिसावर आहे.”

“फळीचा आणि व्हिसाचा काय संबंध?”

संबंध राजेशलाही माहीत होता. व्हिसावरचा माणूस दुसऱ्याची फळी सैल करत नाही. तो फळीकडे पाहतानासुद्धा कागदपत्रं जवळ ठेवतो. विक्रमने रीतसर मार्ग धरला. डेबीच्या ऑफिसात जाऊन त्याने दाराचा विषय काढला. डेबीने हसतमुखाने सांगितलं की कुंपण आमचं नाहीच, ते पलीकडच्यांचं. पलीकडे वसाहतीची घरमालकांची संघटना होती आणि संग्राम तिच्या कार्यकारिणीवर. विक्रमला हायसं वाटलं. आपला मराठी माणूस. त्याने फोन लावला.

“कुंपण आमचं नाहीये रे, अपार्टमेंटवाल्यांचं आहे,” संग्राम म्हणाला. “आणि यार, टायमिंग पण बॅड आहे. तुमच्या मागे त्या तीन नवीन बिल्डिंग्ज येतायत ना, त्या आम्ही अपोज करतोय. आता गेट मागितलं तर बोर्ड भडकेल. पर्सनली माझा काहीच प्रॉब्लेम नाही. पण बोर्डाचं म्हणणं, अपार्टमेंटमधले लोक आत येतील.”

“अपार्टमेंटमधले लोक म्हणजे?”

“म्हणजे... तू नाही रे. जनरल.”

हे ‘जनरल’ विक्रमला लागलं. नऊ वर्षांत त्याचं भाडं एकदा चुकलं नव्हतं. बाल्कनीत त्याने कुंडीत टोमॅटो लावले होते, त्याचीसुद्धा परवानगी काढून. संग्रामच्या घरी डबा पोहोचवताना तो बूट बाहेर काढून आत जायचा, आणि त्याच संग्रामच्या कार्यकारिणीला तो आत यायला नको होता. त्या संध्याकाळी त्याने भेंडीची भाजी गाडीतून नेली, पण बूट न काढता दारातूनच दिली. निषेध म्हणून. मावशींनी “आत या जी” म्हणताच निषेध संपला आणि तो दोन लाडू खाऊन आला.

तिसरा दरवाजा टाउनशिपचा. तिथल्या कारकुनाने एक जुना नकाशा टेबलावर उलगडला आणि बराच वेळ त्यावर बोट फिरवलं. मग तो म्हणाला की तुमचं दोघांचंही बरोबर आहे. कुंपण दोघांचंही नाही. ते सहा फूट रुंदीच्या एका पट्टीवर उभं आहे, आणि ती पट्टी ज्या बिल्डरची होती तो बिल्डर १९८८ साली बंद पडला. आता कुंपणाला हात लावायचा तर नियोजन मंडळाची मंजुरी हवी. एक उपाय होता. नव्या तीन इमारतींचा प्रस्ताव मंडळापुढे जुलैमध्ये जाहीर सुनावणीला येणार होता. त्यात दाराची अट घालावी अशी विनंती विक्रमला करता येईल. बोलायला तीन मिनिटं मिळतील.

तीन मिनिटं! विक्रम शाळेत असताना वक्तृत्व स्पर्धेत तालुक्यात दुसरा आला होता. त्याने चौदा स्लाइड्स केल्या. एका स्लाइडवर पावणेतीन मैलांच्या फेरीने वाया जाणारं पेट्रोल, एकीवर कार्बन, एकीवर दाराच्या कडीचं तीन बाजूंनी चित्र. सुलेखाने सराव ऐकला.

“यात आई कुठे आहेत?”

“अगं, ते पर्सनल. असं सरकारी ठिकाणी चालत नाही.”

सुनावणीच्या दिवशी टाउनशिपच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. जुलैचं ऊन सात वाजताही खिडक्यांतून आत येत होतं. वसाहतीतली साठ-सत्तर माणसं एकसारखे पिवळे टीशर्ट घालून बसली होती. टीशर्टवर इंग्रजीत ‘आणखी अपार्टमेंट नकोत’ असं छापलेलं. संग्रामने संख्या वाढवायला आपल्या आईलाही आणलं होतं. मावशींनी साडीवर पिवळा टीशर्ट चढवला होता आणि त्या फार प्रसन्न दिसत होत्या.

“मावशी, त्यावर काय लिहिलंय माहितीये का?” विक्रमने विचारलं.

“फुकट दिला जी,” मावशी म्हणाल्या आणि गिरिजाबाईंच्या शेजारी जाऊन बसल्या. संग्रामने पलीकडच्या रांगेतून खुणा केल्या, पण त्या तिकडे पाहीनात. गिरिजाबाईंच्या मांडीवर एक कापडी पिशवी होती. सभेला रिकाम्या हाताने कसं यायचं, असं ती घरून निघताना म्हणाली होती. विक्रमने स्लाइड्सच्या नादात तिकडे लक्ष दिलं नाही, आणि ही त्या दिवसाची खरी चूक.

मंडळाच्या अध्यक्ष मिसेस व्हॅन होर्न म्हणून पांढऱ्या केसांच्या, सत्तरीच्या बाई होत्या. विक्रमचं नाव पुकारलं गेलं. टेबलावर वेळेचा हिरवा दिवा लागला. विक्रमने घसा खाकरला आणि तालुक्यातल्या वक्तृत्वाला स्मरून सुरुवात केली: माननीय अध्यक्ष, सन्माननीय सदस्य, टाउनशिपचे अधिकारी, उपस्थित नागरिक बंधू-भगिनी, मला ही संधी दिल्याबद्दल... सगळ्यांची नावं त्याने वेबसाइटवरून पाठ केली होती आणि एकाचा अपमान नको म्हणून सगळी घेतली. दुसऱ्या स्लाइडवर पेट्रोल दिसायला लागलं तेव्हा पिवळा दिवा लागला. कार्बनपाशी लाल. “थँक यू, मिस्टर पॉन्क-शी,” अध्यक्षबाई म्हणाल्या. त्याच्या तोंडून ‘दार’ हा शब्दसुद्धा निघाला नव्हता.

तो खाली मान घालून परत फिरला, तर आई जागेवर नव्हती. ती आणि सुवर्णामावशी मधल्या वाटेने सरळ व्यासपीठाकडे निघाल्या होत्या. मुलाचं काम अडलंय आणि समोर निर्णय देणारी बाई बसलीय, एवढं गिरिजाबाईंना इंग्रजी न समजताही समजलं होतं. दाराशी उभा असलेला पोलीस सरसावला, पण साडीवर पिवळा टीशर्ट घातलेल्या आजींना कसं अडवायचं याचं शिक्षण त्याला मिळालेलं नसावं. तो तसाच उभा राहिला. गिरिजाबाईंनी पिशवीतून नारळ काढला, खण काढला, मूठभर तांदूळ काढले. मावशींनी कुंकवाची डबी उघडली. मिसेस व्हॅन होर्न यांना पदर नव्हता, म्हणून दोघींनी त्यांची फाइल मांडीवर उघडी धरायला लावली आणि त्यात त्यांची यथासांग ओटी भरली.

विक्रमला आपण आता थेट विमानात बसलेले दिसायला लागलो.

पहिला आवाज टाउनशिपच्या वकिलाचा निघाला. प्रस्ताव विचाराधीन असताना मंडळाच्या सदस्याला भेटवस्तू घेता येत नाही, ती ताबडतोब परत करावी. विक्रमने हे आईला सांगितलं.

“वेडा आहे का तो? ओटी परत घेत नसतात,” गिरिजाबाई म्हणाल्या. “तिलाही वाईट आणि आपल्यालाही.”

वकील दुभाष्याची वाट पाहत होता. विक्रम ‘ओटी’ला इंग्रजी शब्द शोधत होता. केया खुर्चीवरून उठली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “शी सेज, नो रिटर्न्स.”

पिवळ्या टीशर्टांतून एकजण हसला. मग हसू रांगारांगांतून पसरलं. वकील मात्र हसला नाही. बऱ्याच कुजबुजीनंतर असं ठरलं की नारळ एक, कापड एक, तांदूळ अंदाजे एक मूठ ही भेट अध्यक्षांना नसून टाउनशिपला मिळाली, अशी इतिवृत्तात नोंद करावी. नोंद झाली. तांदळाला ‘अंदाजे’ म्हणावं की नाही यावर दोन मिनिटं गेली.

मिसेस व्हॅन होर्न यांच्या कपाळावरचं कुंकू कुणी पुसायला सांगितलं नव्हतं आणि त्यांनीही पुसलं नाही. त्यांनी गिरिजाबाईंच्या पिशवीकडे बोट दाखवून विचारलं, त्या भांड्यात काय आहे? पिशवीतून कडीचा डबा डोकावत होता. दोघी सभेला भेटणारच आहेत तर विक्रमचा हेलपाटा वाचेल, म्हणून गिरिजाबाईंनी तो बरोबर आणला होता. आत शेंगदाण्याची पोळी.

“हा यांचा डबा आहे,” गिरिजाबाई अध्यक्षबाईंना मराठीतून, पण ठासून सांगायला लागल्या. “त्या पलीकडं, मी अलीकडं. भांडं रिकामं परत करायचं नसतं, म्हणून मी भरते. मग त्या भरतात. मध्ये कुंपण आहे. शिडी सुनेनं काढून घेतली. आता माझा मुलगा दिवसभर दमून येतो आणि वाटीभर भाजी द्यायला गाडीनं गावाला वळसा घालतो. मला ते बघवत नाही. एक दार द्या, नाहीतर मी आपली परत जाते.”

केयाने हे सगळं इंग्रजीत सांगितलं. शेवटचं वाक्य सांगताना तिचा आवाज जरा बदलला. “शी सेज शी विल गो बॅक,” ती म्हणाली, आणि मग स्वतःच्या पदरचं घातलं, “अँड वुई डोंट वाँट हर टू.” विक्रम चौदा स्लाइड्सचा लॅपटॉप छातीशी धरून उभा होता. त्याला एकदम फार लाज वाटली आणि डोळे भरून आले.

मिसेस व्हॅन होर्न यांनी डब्याची कडी बोटाने उचलून पाहिली. मग म्हणाल्या, की त्यांची आजी हुरॉन सरोवराकाठी बीटच्या शेतावर राहायची. शेजारणीच्या भांड्याखाली चिकटपट्टीवर नाव लिहिलेलं असायचं, आणि ते भांडं आजीने एकदाही रिकामं परत केलं नाही. घरात काहीच नसेल तर अंडी घालायची. रिकामं भांडं परत गेलं तर रविवारी चर्चमध्ये तोंड दाखवायला जागा नसायची. पिवळ्या टीशर्टांत माना डोलायला लागल्या. एक दांडगे आजोबा उभे राहिले आणि परवानगी न घेता म्हणाले, माझ्या बायकोकडे शेजारणीचं काचेचं भांडं १९९४ पासून पडून आहे, आणि आमच्याकडे त्यावरून अजून वाद होतात. लाल दिवा लागला. कुणी बघितलंसुद्धा नाही.

अध्यक्षबाईंनी कारकुनाला तो जुना नकाशा काढायला लावला. ती सहा फुटी पट्टी बिल्डरने ठेवली होती कशासाठी? कारकुनाने चष्मा पुसून वाचलं. पादचारी मार्गासाठी. अडतीस वर्षं दोन्ही बाजू जिला परकी समजत होत्या, ती जागा चालत जाण्यासाठीच राखलेली होती. फक्त मार्ग करायचा राहून गेला होता आणि त्याऐवजी कुणीतरी कुंपण ठोकलं होतं. नव्या इमारतींना तीनाऐवजी दोनच मजल्यांची मंजुरी मिळाली, आणि बांधकाम सुरू करण्याआधी त्यांच्या नव्या बिल्डरने कुंपणात दार करून द्यावं, अशी अट पडली. हात वर करून मत देताना मिसेस व्हॅन होर्न यांच्या फाइलमधून तांदूळ सांडले.

दार ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात बसलं. मधले अडीच महिने दाराची कडी कुणाच्या बाजूला असावी यात गेले. संघटना म्हणे आमच्या बाजूला, म्हणजे वाटेल तेव्हा बंद करता येईल. डेबीचं ऑफिसही म्हणे आमच्याच बाजूला. विक्रमने आपण या विषयातले जाणकार असल्याचं तीन ईमेलमधून नम्रपणे कळवलं. उत्तर एकाही ईमेलला आलं नाही. शेवटी कंत्राटदाराने दोन्ही बाजू राखल्या. त्याने दोन कड्या बसवल्या, एक अलीकडून, एक पलीकडून. म्हणजे दार उघडायचं तर दोन्हीकडे एकेक माणूस हवा. विक्रमने पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा तो गवतावर खालीच बसला.

“हे दार नाहीये,” तो म्हणाला. “हे करारपत्र आहे. आई, मी रविवारी नीट करून देतो. एका बाजूची कडी काढायचं काम आहे.”

“राहू दे,” गिरिजाबाई म्हणाल्या आणि त्यांनी फळीवर थाप मारली. “अहो, आल्यात का?”

“आली जी!” पलीकडून आवाज आला. दोन्ही कड्या एकदम सरकल्या. ‘खट्’ असा आवाज झाला. विक्रमला मान्य करावं लागलं, आवाज चांगला होता.

त्या महिनाभरात दार दिवसातून इतक्या वेळा वाजलं की राजेशने वरून तक्रार केली, मग तोच खाली येऊन चकल्या खायला लागला. दिवाळीचा फराळ दोन्ही घरांत मिळून झाला. संग्राम पहिल्या दिवशी दारातून आला तो जरा वाकून, जणू दार ठेंगणं आहे. “सॉरी यार,” तो विक्रमला म्हणाला. “ते जनरल...” विक्रमने त्याच्या हातात करंजी दिली आणि दोघांनी विषय बदलला. कॉम्प्लेक्सच्या गवतावर दोन खुर्च्या आल्या. डेबीने नोटीस लावली नाही. तिने एक दिवस डबा घेतला, आणि भरून परत केला. आत बाजारच्या कुकीज होत्या, पण गिरिजाबाईंनी ते गोड मानून घेतलं. टाउनशिपच्या सभागृहात, अग्निशमन दलाच्या ढालीशेजारी काचेच्या कपाटात, नारळ ठेवल्याची बातमी केयाने आणली.

तिकिटाचा विषय कुणी काढलाच नाही. त्यामुळे ते तिकीट आपल्या तारखेला आपणहून आलं. नोव्हेंबरच्या तीन तारखेला, सहा महिन्यांना दोन दिवस कमी असताना, गिरिजाबाई फलटणला गेल्या. विमानतळावर विक्रमने फार शहाणपणा केला, डोळ्यांत पाणी आणलं नाही, आणि परतताना मिशिगन लेफ्टला दोन वेळा चुकला.

घर सुनं झालं होतं. तीन दिवस त्याने बाल्कनीचं दार उघडलं नाही. चौथ्या दिवशी संध्याकाळी तो ऑफिसातून आला तर कुंपणाच्या फळीवर थापा पडत होत्या.

“विक्रमराव! कडी काढा ना जी!”

तो तसाच बुटांनिशी खाली धावला. कड्या सरकल्या. सुवर्णामावशी उभ्या होत्या, डिसेंबरपर्यंत मुक्काम वाढवलेल्या आणि पुढच्या मे महिन्याचंही तिकीट काढून ठेवलेल्या. हातात एक नवा, लहान डबा.

“पोरीसाठी गोळाभात आणला. आणि माझा तो पितळी कडीचा डबा तुमच्याकडेच राहिला. घाई नाही, पण तो माझ्या लग्नातला आहे.”

विक्रमने ओट्याखाली पाहिलं, फ्रिजमध्ये पाहिलं, गाडीत पट्ट्याखाली पाहिलं. सुलेखाने माळ्यावरच्या बॅगा उघडल्या. डबा नव्हता. दुसऱ्याच्या घरचा लग्नातला डबा हरवला, म्हणजे आता पुन्हा मंडळापुढे जावं लागणार, असं त्याला वाटलं. शेवटी त्याने फलटणला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळ होती. आई ओसरीवर चहा घेत बसली होती, आणि शेजारी तो डबा, कडी उभी करून ठेवलेला.

“अगं आई, तो मावशींचा डबा तुझ्याकडे कसा?”

“मीच आणला,” आई शांतपणे म्हणाली.

“काय भरून नेलंस त्यात?”

“काही नाही. रिकामाच आणला.”

“अगं, पण तो त्यांच्या लग्नातला...”

“माहितेय. सांगून आणलाय असं नाही, पण त्या काही म्हणायच्या नाहीत.” तिने कपाखालची बशी पुसली आणि डबा मांडीवर घेतला. “आता रिकामा परत पाठवता येतो का? पोस्टानं तर मुळीच नाही. एप्रिलमध्ये कैऱ्या येतील, लोणचं घालते आणि भरून घेऊन येते. तू माझं तिकीट बघून ठेव.”